न घेतलेला सलाम

मी देवाच्या घरात उभा राहून खोटी साक्ष दिली. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण नंतर लिहायचं ठरवलं तर मी ते सजवीन, आणि सजवायची मला सवय लागली आहे. त्या साक्षीने मी एका बाईला, ती समोर बसलेली असताना, पुसून टाकलं. त्यानंतरच्या महिन्यांत मंडळीत माझ्याबद्दल सगळे म्हणत होते की सर विश्वासात फार वाढले.

मी काष्टीला शाळेत शिकवतो. राहतो तिथून आत, पाटाच्या कडेला असलेल्या एका गावात. गावात आमची ख्रिस्ती घरं थोडीच आहेत. काळ्या दगडाचं लहानसं चर्च आहे. जुनी माणसं त्याला देऊळच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. पाळकसाहेब महिन्यातून एकदा नगरहून येतात. त्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे प्रभूच्या टेबलाशी जाऊन भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा. बाकीच्या रविवारी उपासना आम्हीच चालवतो. बायका खिडकीच्या बाजूला, पुरुष दाराच्या बाजूला, सगळे सतरंजीवर. गाणी झाली की पुढे उभा असलेला माणूस विचारतो, "कुणाची साक्ष आहे का?"

मग कुणीतरी उठतं. कुणाची दारू सुटलेली असते. कुणाचं लेकरू दवाखान्यातून परत आलेलं असतं. एका म्हाताऱ्याची साक्ष मला पाठ होती. विहिरीत पडताना त्याला कुणीतरी दंडाला धरलं होतं. तो प्रत्येक वेळी सदऱ्याची बाही वर करून दंड दाखवायचा आणि प्रत्येक वेळी मला तिथे बोटं दिसायची.

माझ्याकडे काहीच नव्हतं. माझ्या आजोबांनी या विश्वासासाठी भावकी सोडली होती. वडील म्हातारपणीही देवळाची घंटा वाजवायला जात. मला मात्र विश्वास तयार घर मिळावं तसा मिळाला. भिंती, छप्पर, सगळं आधीच उभं. मी रोज प्रार्थना करायचो. मनापासून करायचो. पण पलीकडून कधी काही आलं नाही. चाळिशी ओलांडल्यावर मला याची लाज वाटू लागली. साक्षीची वेळ आली की मी पवित्र शास्त्राची, बायबलची, पानं उलटत बसायचो, जणू काही शोधतो आहे.

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाला आमच्या शिवारात बिबट्या आला. आमच्याकडे आता हे नवं राहिलेलं नाही. ऊस वाढला की तो येतो, उसातच राहतो, कुत्री कमी होतात. वनखात्याने पाटाजवळ पिंजरा लावला होता. दिवस मावळला की त्या रस्त्याने कुणी जात नसे. काही शेतकरी उसात मोबाईल टांगून ठेवत आणि त्यावर गाणी लावत, माणूस आहे असं जनावराला वाटावं म्हणून. मला त्या गाण्यांची जास्त भीती वाटायची. डोक्याच्या वर गेलेला ऊस, वारा नाही, पान हलत नाही, आणि आतून एक बाई लग्नातली गाणी म्हणते आहे. ज्याच्यासाठी लावलंय तो ते ऐकत असेल का, कान हलवत असेल का, असं काहीबाही मनात यायचं.

त्या संध्याकाळी शाळेत उशीर झाला होता. डांबरी रस्त्याने लांब पडतं, म्हणून मी मोटारसायकल पाटाच्या रस्त्याला घातली. अंधार पुरता पडला नव्हता. रस्ता एका ठिकाणी वळतो. वळणाच्या अलीकडे मला आवाज आला.

"थांबा! म्होरं येऊ नका!"

बाईचा आवाज. डाव्या हाताच्या उसातून. मी ब्रेक दाबला. गाडीच्या उजेडात, वळणावर, तो बसला होता. रस्त्याच्या मधोमध, कुणाची वाट बघत असल्यासारखा. तो उठला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. त्याने मान डावीकडे वळवली, जिकडून आवाज आला होता तिकडे, आणि घाई न करता तो त्या उसात शिरला. शेंडे हलत गेले. आणि मग हलायचे थांबले.

मी गाडी वळवली आणि पळालो.

हॉर्न वाजवला नाही. ओरडलो नाही. वाटेत वस्त्या होत्या, तिथे थांबून माणसं गोळा केली नाहीत. लांबच्या रस्त्याने घरी आलो, दार लावलं आणि कडी दोनदा तपासली. बायकोने विचारलं, "काय झालं? चेहरा असा का?"

"बिबट्या," मी म्हणालो. "अगदी समोर. थोडक्यात वाचलो."

तिने दोन्ही हात जोडले. "देवानंच थांबवलं तुम्हाला."

मी म्हणालो, "हो."

तो एक शब्द बोलायला काहीच लागलं नाही. सकाळी मी बातमीसाठी कान देऊन बसलो. दूधवाला काय म्हणतो, एसटीच्या थांब्यावर काय बोलतात. कुणाला काही झालं नव्हतं. गावातलं कुणी कमी झालं नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की त्या हलकेपणातच मी पुढचा विचार केला: मग तिथे कुणी नव्हतंच. कुणाला काही झालं नाही म्हणजे कुणी नव्हतं. आवाज ओळखीचा होता, हे मी आज लिहितो. त्या वेळी मी तो ओळखायचा नाही असं ठरवलं होतं.

रविवारी गाणी झाली. "कुणाची साक्ष आहे का?" असं विचारल्याबरोबर मी उभा राहिलो. माझे पाय थरथरत होते आणि ते थरथरणं खरं होतं. मी सांगितलं की पाटाच्या रस्त्याला मी एकटा होतो. चहूकडे चिटपाखरू नव्हतं. आणि मला आवाज आला: थांब. "तिथं माणूस नव्हतं," मी म्हणालो. "मी होतो, ते जनावर होतं, आणि माझा देव होता."

मंडळी "हालेलुया" म्हणाली. विहिरीतला म्हातारा रडला. कुणीतरी मोठ्याने "आमेन" म्हणालं आणि मग सगळ्यांनी आमेन म्हटलं.

खिडकीखाली आत्या बसायच्या. त्या माझ्या नात्यातल्या नव्हत्या, त्यांना सगळं गाव आत्या म्हणायचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला होता, कधीमधी फोन करायचा. त्या पाटाकडच्या शेतात एकट्या राहायच्या. डोक्यावरचा पदर खाली ओढलेला आणि नजर मांडीवर, अशा त्या नेहमी बसत. "तिथं माणूस नव्हतं" असं मी म्हटलं तेव्हा त्यांनी मान वर केली. माझ्याकडे नाही पाहिलं. त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पुढे धरले, पालथे केले, पुन्हा सुलटे केले, आणि त्यांच्याकडे पाहत राहिल्या. खिडकीतून उजेड येत होता. हात त्या उजेडात धरून त्या काहीतरी तपासत होत्या.

उपासना सुटल्यावर आम्ही बाहेर लिंबाखाली एकमेकांना सलाम करतो. ही आमची जुनी रीत. हात कपाळाशी न्यायचा, "सलाम" म्हणायचं, समोरच्याने तसाच परत द्यायचा. भांडण असलं तरी देवळाच्या दारात सलाम नाकारत नाहीत. नाकारला तर तो माणूस मंडळीत धरला नाही असं होतं. त्या दिवशी माझ्याभोवती गर्दी होती. चपला घालता घालता मला दिसलं, आत्या समोर येऊन उभ्या होत्या. त्यांचा हात कपाळाशी गेला. ओठ हलले.

मी त्यांच्यावरून नजर फिरवली. जशी आपण रिकाम्या भिंतीवरून फिरवतो तशी. आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला सलाम केला.

त्यानंतर आत्या देवळात आल्या नाहीत.

माझं मात्र बरं चाललं. ती साक्ष मी घरप्रार्थनांत सांगितली, मग शेजारच्या गावांत बोलावणी आली. सांगता सांगता आवाज मोठा होत गेला. आधी तो नुसता "थांब" म्हणायचा, पुढे तो माझं नाव घेऊ लागला. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे मला कळू लागलं. लोक रडायचे. नंतर मला मंडळीत वडील नेमलं, म्हणजे पाळकसाहेब नसताना माणसांची काळजी घेणारा. उसाला तुरा आला की तो लांबून देखणा दिसतो. आत पोकळ पडायला लागलेला असतो. मी रोज तुऱ्याचा ऊस बघत शाळेत जायचो आणि तरी मला ते सुचलं नाही.

एवढं मात्र होतं की मला प्रार्थना करता येईना. डोळे मिटले की पूर्वी शांत वाटायचं. आता डोळे मिटले की शेंडे हलायचे. हलत हलत जायचे आणि थांबायचे. आणि त्या वळणावर मला रोज आवाज येऊ लागला. दिवसाउजेडी, शाळेत जाताना, शेतात माणसं असताना. "थांबा." मी थांबत नसे. वळण आलं की हॉर्नवर अंगठा दाबून धरायचो.

बायको एकदा मागे बसली होती. "समोर कुणी नाही, काही नाही, हॉर्न कुणाला वाजवताय?" ती म्हणाली.

"जनावर असतं."

"तुमच्या हॉर्ननं जनावर पळून शिर्डीला गेलं असेल आता. बंद करा की!"

वळणावरच्या त्या उसाचा मालक गावातला शेतकरी होता. तोही मला रस्त्यात गाठून म्हणाला, "काय सर, तुमच्या देवाला सांगा की. तुमाला आवाज देतोय, तर त्या बिबट्याला बी एक आवाज द्या म्हनावं. वनखात्याचा पिंजरा रिकामाच हाय." मी हसलो. तोही हसला. पण जाताना तो सहज म्हणाला, "तिकडं आत्या एकलीच ऱ्हाती. काळजी वाटती." मी मान हलवली आणि गाडीला किक मारली.

मग ऊसतोड आली. टोळीने ते शेत मोकळं केलं. एका सकाळी मी वळणावर आलो आणि गाडी आपोआप हळू झाली. डावीकडे काहीच नव्हतं. इतके महिने जिथे भिंत होती तिथे उघडं रान, वाळलेलं पाचट, आणि त्यापलीकडे, हाकेच्या अंतरावर, एक पत्र्याचं घर. घराच्या दारात आत्या बसल्या होत्या, रस्त्याकडे तोंड करून. इतक्या जवळ. मी हॉर्न वाजवला नाही. त्यांनी हात हलवला नाही, काही नाही. एखादी वस्तू दारात ठेवावी तशा त्या तिथे होत्या.

त्या महिन्यात पाळकसाहेब आले तेव्हा प्रभुभोजनानंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आत्या कित्येक दिवस टेबलाजवळ आल्या नाहीत. फोन उचलत नाहीत. म्हातारपणात माणूस थंड पडतं. तुम्ही वडील आहात, तुमची साक्ष जिवंत आहे. जाऊन त्यांना उभारी द्या."

"जातो," मी म्हणालो.

मी भर दुपारी गेलो. मुद्दाम दुपार निवडली. शेतात पाचट पेटवलेलं होतं, धूर जमिनीला धरून चालला होता. ऊन एवढं होतं की घराची सावली घराखालीच होती. शेळी दावणीला बांधलेली. आत्या दारात, त्याच जागी. मी म्हणालो, "सलाम, आत्या."

त्या हलल्या नाहीत. मी जवळ गेलो, पुन्हा म्हणालो. त्यांनी मागे वळून पाहिलं, आपल्यामागे कुणी आहे का म्हणून. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सर," त्या अगदी हळू म्हणाल्या, "तुमाला मी दिसते व्हय?"

मी घाईने म्हणालो, "असं काय विचारता? दिसता की."

"बरं," त्या म्हणाल्या. "काही काही जनांना दिसत्यात म्हनं."

त्यांनी मला बसायला पोतं टाकलं. पाणी दिलं. तांब्या माझ्या हातात देताना माझ्या बोटाला बोट लागणार नाही अशी काळजी त्यांनी घेतली. मी वडीलकीच्या आवाजात विचारलं की देवळात का येत नाही, तब्येत बरी नाही का.

"कसं यावं?" त्या म्हणाल्या. "तुमीच सांगा. शिकलेले हायसा. मेलेल्या मानसानं प्रभूच्या टेबलाला हात लावावा का?"

मग त्यांनी सांगितलं. आवाज कुठेही चढला नाही. दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं सांगितलं.

"पाटावर धुनं धुवून येत हुते. त्यो वाटेवर बसल्याला दिसला. मी उसात दबले. आता गप बसायचं, जाईल आपल्या वाटंनं, असं म्हनलं. तेवढ्यात गाडी आयकू आली. कुनाचं तरी लेकरू मरतंय म्हनलं. तवा वरडले. गाडी थांबली. बरं वाटलं. मग गाडी फिरली आन गेली, आन त्यो माझ्याकडं आला."

"मग?"

"मग काय. म्होरं येऊन हुबा. त्याच्या तोंडाचा वास येत हुता. कच्च्या मटनाचा. मी डोळं झाकलं आन प्रभूला म्हनलं, आले मी. लई येळ काईच न्हाई. डोळं उघडलं तवा चांदणं पडलं हुतं. त्यो न्हवता. घरी कशी आले त्ये ध्यानात न्हाई. सकाळी घरात हुते एवढं खरं."

शेळी ओरडली. त्यांनी तिच्याकडे पाहून "हां, हां" केलं आणि पुढे बोलू लागल्या.

"रविवारी देवळात आले. साक्ष द्यावी म्हनलं हुतं, वाचले म्हनून. तर तुमीच उठलात. म्हनलात, तितं मानूस न्हवतं. समदी मंडळी आमेन म्हनली. मी म्हनलं, सर खोटं कशाला बोलतील? देवाच्या घरात? एवढा शिकल्याला मानूस? मग मी तितं न्हवते. का हुते, आन त्यानं मला तितंच खाल्लं, आन मलाच कळलं न्हाई. म्हनलं भाईर जाऊन बघू. तुमाला सलाम केला. तुमी बघितलं ते माझ्यातनं पार पलीकडं. तवा पक्कं झालं."

"पण आत्या, जेवता, झोपता..."

"जेवते की. सवयच ती. शेळी वळखती मला. पर जनावरांना दिसतंच म्हनत्यात." त्या जराशा हसल्या. "पोराचा फोन वाजतो. उचलत न्हाई. पलीकडनं हॅलो हॅलो करीत बसला आन त्याला माझा आवाज आलाच न्हाई, तर? त्यापरीस वाजू द्यावा."

मला तिथून उठून पळावंसं वाटत होतं. तरी मी विचारलं, कारण वडील म्हणून तेच विचारायला आलो होतो. "प्रार्थना करता का?"

त्या चकित होऊन माझ्याकडे पाहू लागल्या. "म्हंजी? सांज-सकाळ. मेले म्हनून सोडीन व्हय त्याला?"

मी खाली पाहिलं. आवाज न येण्याला मी इतकी वर्षं घाबरत आलो होतो. ही बाई जगातून आपलं नाव गेलं असं समजूनही सकाळ-संध्याकाळ डोक्यावर पदर घेऊन बसत होती, काही परत न येता.

तेव्हा बोलायला हवं होतं. वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. मी काय केलं? मी म्हणालो, "आत्या, मनात असलं काही आणू नका, तुम्ही जिवंत आहात." आणि डोळे मिटून त्यांच्यासाठी प्रार्थना केली. त्यांच्या घाबरलेल्या मनाला शांती मिळो, असंसुद्धा म्हणालो. डोळे उघडले तेव्हा त्यांनी डोळे मिटलेलेच नव्हते. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

"सर, एक इचारू? त्यो देवाचा आवाज कसा हुता वो? बाईवानी हुता का बाप्यावानी?"

"आठवत नाही," मी म्हणालो.

"बरं. ईस्टरच्या पहाटंला मातर यीन मी. कबरस्तानात. तितं माझं मानूस हाय. तितं यायला मला चालतं."

मी गाडीकडे चाललो. अर्ध्या रानात असताना मागून आवाज आला: "थांबा." तोच. मी वळलो. आत्या दारात नव्हत्या. दार बंद होतं. मोकळ्या रानात लपायला एक पानही उरलं नव्हतं, नुसता धूर. तो आवाज कुणाचा होता हे मला आजही माहीत नाही आणि त्याच्याबद्दल मी कुठे साक्ष देणार नाही. त्या वेळी मी थांबलो, एवढंच सांगतो. उन्हात तसाच उभा राहिलो. पण परत त्या दारापर्यंत जायचं धाडस झालं नाही.

संध्याकाळी बायको भाकरी थापत होती तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती थापायची थांबली. तव्यावरची भाकरी करपली तरी तिने हात लावला नाही.

"म्हणजे बाई होती," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि मी बायकांच्या सभेत सांगत फिरले, देवानं माझ्या नवऱ्याला हाक मारली म्हणून!" तिने करपलेली भाकरी उचलून बाजूला टाकली. मी मान खाली घालून माफी मागू लागलो, तर ती उसळली. "माझ्यापुढं कशाला नाक घासताय? मी जिवंत आहे. तिला सांगा. आणि घरात जाऊन कानात नका सांगू. सगळ्यांपुढं मारलीत तिला, सगळ्यांपुढंच सांगा."

"वडील म्हणून मला ठेवणार नाहीत."

"नाही ठेवलं तर नाही," ती म्हणाली. "घंटा वाजवा. तुमचे वडील वाजवायचेच की."

ईस्टरच्या पहाटे आमची मंडळी गावाबाहेरच्या कबरस्तानात जमते. आदल्या दिवशी कबरी झाडून, चुना लावून ठेवतात. अंधारातच माणसं येतात, आपापल्या माणसाच्या कबरीवर मेणबत्ती लावतात, फुलं ठेवतात, आणि पूर्वेकडे तोंड करून गाणं सुरू करतात. लहानपणी मला वाटायचं की त्या वेळी सगळेच तिथे असतात, वरचेही आणि खालचेही, आणि उजाडेपर्यंत कोण कुठला हे सांगता येत नाही. त्या पहाटे मला पुन्हा तसंच वाटलं. मेणबत्त्यांच्या उजेडात चेहरे तेवढे दिसत होते, खाली पाय नव्हते. मी एकेक चेहरा शोधत होतो.

आत्या होत्या. कोपऱ्यात, नवऱ्याच्या कबरीच्या कडेला जमिनीवर बसलेल्या. मंडळीत मिसळल्या नव्हत्या. त्यांच्याजवळ मेणबत्ती नव्हती. बाया त्यांच्या बाजूने ये-जा करत होत्या, आणि अंधारात कुणाचं लक्ष गेलं नसेल, पण कुणी थांबत नव्हतं. माझ्या मनात आलं: खरंच मलाच फक्त दिसतायत का? मी बायकोचा हात धरून विचारलं, "तिकडे कोण बसलंय?"

ती म्हणाली, "आत्या. जा आता."

गाणं संपलं. पाळकसाहेबांनी विचारलं, "पुनरुत्थानाच्या सकाळी कुणाची साक्ष आहे?" आणि माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मी पुढे झालो. पूर्वेला जरासं फटफटलं होतं.

मी म्हणालो, "माझी पाटाच्या रस्त्याची साक्ष तुम्ही ऐकली आहे. ती खोटी आहे. तिथं माणूस होतं."

कुणी आमेन म्हणालं नाही. मी सगळं सांगितलं. बिबट्या कुठे वळला ते. मी गाडी कुठे वळवली ते. लिंबाखाली कुणाचा हात कपाळाशी गेला होता ते. सांगताना आवाज कुठे खाली आणायचा याची सवय आड येत होती, म्हणून मी भराभरा बोललो, मुलं धडा म्हणतात तसा. विहिरीतल्या म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. तो मला दिसत होता, कारण उजाडू लागलं होतं.

मग मी कबरींमधून वाट काढत कोपऱ्यात गेलो. मंडळी मागे वळली. आत्या बसूनच होत्या. मी त्यांच्यासमोर खाली बसलो, म्हणजे त्यांना वर पाहावं लागणार नाही. त्यांनी हात मांडीत लपवले होते.

मी हात कपाळाशी नेला.

"सलाम, आत्या," मी म्हणालो. "त्या रविवारचा तुमचा सलाम मी घेतला नाही. मला तुम्ही दिसला होतात. उसातला आवाजही तुमचाच होता, तेव्हाही मला कळलं होतं. तुम्ही मला वाचवलंत आणि मी तुम्हाला तिथं टाकून पळालो, आणि मग देवाचं नाव घेऊन तुम्हाला पुसून टाकलं. तुम्ही मेलेल्या नाहीत. खोटं मी बोललो होतो. मला माफ करा."